बडोद्यातील गुरुवारचा गट : रिलॅप्सनंतर जाण्याजोगी एक जागा

व्यसनमुक्तीच्या सेवांविषयी जे काही लिहिले जाते त्यात बहुधा पहिल्या प्रवेशाचीच माहिती असते. खोल्या कशा आहेत, जेवण कसे मिळते, शुल्क किती आहे आणि महिनाभराने माणूस कसा होऊन घरी आला, एवढे सांगून लिहिणारा थांबतो. घरी आलेला माणूस वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा प्यायला लागला, म्हणजेच त्याला रिलॅप्स झाला, तर त्याने कोठे जावे आणि तेथे त्याला कसे वागवले जाते, हा प्रश्न मात्र ज्याच्या घरात उभा राहतो त्यालाच पडतो. फतेहगंजच्या बाजूला एका चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी भरणाऱ्या ख्रिस्ती व्यसनमुक्ती गटाचे हे परीक्षण मी याच एका प्रश्नाच्या अनुरोधाने लिहीत आहे. माझा धाकटा भाऊ बराच काळ दारूपासून दूर राहून पुन्हा घसरला आणि त्यानंतर या गटात जाऊ लागला. त्याच्यामुळे मीही कुटुंबीयांच्या बैठकीत बसू लागले. लिहिण्यास त्याची संमती आहे. गटाचे किंवा तेथील कोणाचेही नाव येथे नाही, कारण ऐकलेले आणि पाहिलेले बाहेर न नेणे हा तेथील पहिला नियम आहे.

आधी बडोद्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील आमच्या नातेवाइकांना दारूबंदीच्या गावात दारू सोडणे सोपे असावे असे मनापासून वाटते. १९४९चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा गुजरातने १९६० मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर तसाच पुढे चालवला, त्यामुळे येथे नाक्यावर दुकान दिसत नाही एवढे खरे. परंतु जेथे पिणे हाच गुन्हा आहे तेथे घसरलेला माणूस घरच्यांपासून लपतो, कंपनीपासून लपतो आणि आपले नाव कोठे नोंदले जाईल या भीतीने डॉक्टरपासूनही लपतो. शिवाय चोरून मिळणाऱ्या पोटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत मिथाइल अल्कोहोल मिसळलेल्या लठ्ठ्याने, म्हणजे गावठी दारूने, चाळीसहून अधिक माणसे गेली. बंदीचा आणखी एक परिणाम असा की, वर्षभर येथे कोरडा राहिलेला माणूस दमणच्या सहलीत किंवा महाराष्ट्रातल्या लग्नात एकाएकी मोकळा होतो. माझा भाऊ खानदेशातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, चुलतभावांच्या घोळक्यात प्यायला. बडोद्याला परतल्यावर थांबला नाही आणि ते आम्हाला कळायला बरेच दिवस गेले.

या गटाकडे येण्यापूर्वी आम्ही शहराबाहेरच्या एका निवासी केंद्राचा अनुभव घेतलेला होता. तेही श्रद्धेच्या आधारानेच चालत असे. पैसे आगाऊ घेतले, भावाचा फोन काढून घेतला आणि शेवटच्या रविवारी त्याला व्यासपीठावर उभे करून ‘प्रभूने मला कायमचे मुक्त केले’ अशी साक्ष द्यायला लावली. साक्ष खोटी नव्हती, त्या दिवशी त्याला तसेच वाटत होते. अडचण पुढे आली. ‘कायमचे मुक्त’ म्हणून ज्याच्यासाठी टाळ्या पडल्या तो माणूस पुन्हा प्यायल्यावर त्याच लोकांकडे कोणत्या तोंडाने जाणार? त्याने फोन केला तेव्हा विश्वास कमी पडला असेल, असे त्याला सांगण्यात आले. मराठी घरांत व्यसनमुक्ती म्हटले की १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण पटकन आठवते. परंतु दर आठवड्याच्या पाठपुराव्यासाठी बडोद्याहून पुणे गाठणे नोकरदार माणसाला जमण्यासारखे नाही. गावातच, आणि पुन्हा पडलेल्याला दार उघडणारी जागा आम्हाला हवी होती.

गुरुवारच्या गटाची चौकट अमेरिकेत १९९१ मध्ये जॉन बेकर यांनी सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू केलेल्या ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ या कार्यक्रमावरून घेतलेली आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील ‘धन्य ते’ अशा येशूच्या वचनांवर उभी केलेली आठ तत्त्वे आणि त्यांच्या जोडीला ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ (ए. ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या, असा तो क्रम आहे. १९३५ मध्ये अॅक्रन येथे सुरू झालेल्या ‘ए. ए.’नेही दोष कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे या गोष्टी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीकडूनच उचलल्या होत्या. त्यामुळे बारा पायऱ्यांना ख्रिस्ती रंग वरून फासला आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो इतिहासाला धरून नाही. बडोद्यात ही सामग्री गटातील मंडळींनी स्वतः गुजरातीत उतरवून झेरॉक्स करून ठेवली आहे. सभा गुजराती आणि हिंदी अशी मिसळून चालते, परंतु मराठी बोलणारे तिघे-चौघे नेहमी असतात आणि लहान गटात मराठीत बोलले तरी कोणाचे अडत नाही.

आता ज्यासाठी मी या सेवेची शिफारस करते त्या भागाकडे येते. नव्याने किंवा पुन्हा आलेल्या माणसाशी पहिल्या दिवशी एक निवृत्त परिचारिका बोलतात. त्यांना सगळे नुसते ‘सिस्टर’ म्हणतात. सभागृहामागच्या, खुर्च्यांच्या थप्प्या लावून ठेवलेल्या खोलीत हे बोलणे होते. भावाला त्यांनी प्रथम शेवटचा घोट कधी घेतला ते विचारले, मग हात पुढे धरायला लावून बोटांची थरथर पाहिली आणि पूर्वी कधी फिट आली होती का, याची चौकशी केली. रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवावर बेतू शकते, हे त्यांनी आम्हा दोघांना शांतपणे समजावले. त्या संध्याकाळी त्याला सभेत न बसवता त्यांनी एस. एस. जी. रुग्णालयात पाठवले. बाहेर पाळकसाहेब उभे होते. त्यांनी तेथेच उभ्याने लहानशी प्रार्थना केली आणि आमच्यासाठी रिक्षा थांबवली. प्रार्थना आधी की डॉक्टर आधी, असा वाद घालणाऱ्यांनी तो क्रम पाहण्यासारखा होता.

तो सावरून परतल्यावर सिस्टरांनी जी दुसरी बैठक घेतली ती मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून त्यांनी त्यावर आडवी रेघ ओढली, उजव्या टोकाला लग्नाची रात्र लिहिली आणि ‘आता मागे जाऊ या’ म्हणाल्या. किती प्यायलास, कोणी पाजली, यातले काहीच त्यांनी विचारले नाही. झोप कधीपासून कमी झाली, मकरपुऱ्यातील कारखान्यात रात्रपाळी कधी लागली, जेवण उभ्या-उभ्या कधीपासून होऊ लागले, रविवारची उपासना पहिल्यांदा कधी चुकली, ज्याला रोज फोन करायचा त्याला शेवटचा फोन कधी केला, जुन्या मित्राचा नंबर फोनमध्ये पुन्हा केव्हा साठवला, असे एकेक विचारत त्या रेघेवर खुणा करत गेल्या. रात्रपाळीची खूण लग्नाच्या पाच आठवडे आधी पडली. त्यानंतरच्या खुणा जवळजवळ येत गेल्या. भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे मी हळदीला पडलोच नाही, आधीच पडलो होतो.’ सिस्टरांनी मान हलवली आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा हे चार शब्द पानाच्या कोपऱ्यात लिहून दिले. यांपैकी दोन एकाच दिवशी दिसले तर त्या दिवशी फोन करायचा, कारण सुचत नसले तरी करायचा. तो कागद आजही त्याच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

रिलॅप्सकडे पाहण्याची ही रीत श्रद्धेशी कोठेही भांडत नाही, हे मला तेथेच उमगले. पाप हा शब्द गटात टाळला जात नाही. मात्र पापाची कबुली म्हणजे रडून मोकळे होणे नव्हे, काय घडले ते नीट क्रमाने सांगता येणे ही तिची पहिली अट आहे, असे तेथे मानले जाते. पुन्हा आलेल्यांसाठी योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटचा अध्याय वाचतात. बापाची मालमत्ता उधळून घरी परतलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला सर्वांना पाठ असतो आणि तो पहिल्यांदा परतणाऱ्याला लागू पडतो. पेत्र मात्र शिष्य होऊन, सर्वांसमोर शपथा घेऊन, मग पडलेला आहे. कोळशाच्या विस्तवाजवळ त्याने तीनदा येशूला नाकारले आणि पुढे तिबेर्याच्या समुद्राकाठी कोळशाच्याच विस्तवाजवळ येशूने त्याला आधी न्याहारी दिली, मग तीनदा तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले. पाळकसाहेबांनी हे वाचून दाखवताना ‘आधी न्याहारी’ यावर जो भर दिला तो माझ्या लक्षात राहिला. पुन्हा आलेल्या माणसाला येथेही पहिल्याच महिन्यात काम देतात. माझ्या भावाकडे चहाचे आले. गटासमोर उभे राहून बोलण्याआधी त्याने कित्येक आठवडे कप विसळले.

दिवस मोजण्याच्या बाबतीत गटाने केलेली सोय मला शहाणपणाची वाटते. प्रचलित पद्धतीप्रमाणे रिलॅप्स झालेल्याला दारूविना काढलेल्या दिवसांची खूण म्हणून मिळणारा पहिला बिल्ला पुन्हा घ्यावा लागतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. तसे येथेही होते. परंतु आधीचे बिल्ले परत मागत नाहीत आणि आधीची वर्षे वाया गेली असे कोणालाही म्हणू देत नाहीत. लहान गटात बोलण्याचे नियम कडक आहेत: प्रत्येकाने स्वतःविषयीच बोलायचे, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, पिण्याची रसभरित वर्णने करायची नाहीत. प्यालेल्या स्थितीत आलेल्याला हाकलत नाहीत. त्याला गीते आणि वाचन होईपर्यंत बसू देतात, लहान गटात मात्र त्या दिवशी बोलू देत नाहीत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस’ हे वचन आमच्या घरी भावाने अनेकदा तोंडावर फेकलेले होते. गटात ते कोणी काढले की सगळे एकदम हसतात. प्रत्येकाने ते कधी ना कधी वापरलेले असते. प्रभुभोजनाविषयी ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी एवढे सांगते की, मेथॉडिस्ट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरसच वापरण्याची जुनी परंपरा आहे, आणि कॅथलिक सभासद नुसती भाकर घेतात, ती त्यांच्या चर्चला पूर्णपणे मान्य आहे.

कुटुंबीयांची बैठक वेगळ्या खोलीत होते. येथे दाखला तोच, लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा, पण वाचायचा तो थोरल्या भावाच्या बाजूने. शेतातून दमून आलेला, वाद्यांचा आवाज ऐकून दारातच थबकलेला आणि आत यायला तयार नसलेला तो मुलगा आमच्यापैकी प्रत्येकीला ओळखीचा निघाला. त्याला रागावण्याचा अधिकार आहे की नाही, यावर एका संध्याकाळी जी चर्चा झाली तशी मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेली नाही. एका आजींनी आठवण करून दिली की बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता. याच बैठकीत अगदी व्यवहारातल्या गोष्टीही निघतात. दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरॅमची गोळी नवऱ्याला न सांगता आमटीत मिसळण्याचा सल्ला आपल्याकडे बिनदिक्कत दिला जातो. तशी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर त्याचा रक्तदाब धोकादायकपणे घसरू शकतो, म्हणून ती माहितीने, संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, हे सिस्टरांनी येथे ठणकावून सांगितले. पगाराचे पैसे कोणाकडे ठेवावेत, खोटे बोलून कंपनीत रजा कळवावी का, मुलांना काय सांगावे, यांवर तयार उत्तरे मिळत नाहीत, पण दुसऱ्या घराने काय केले आणि त्याचे काय झाले ते ऐकायला मिळते.

आता उणिवा. सभेच्या पहिल्या भागात होणाऱ्या साक्षी हा गटाचा सर्वांत कच्चा भाग आहे. लहान गटात एवढा प्रामाणिकपणा पाळणारी हीच माणसे माइक हातात आला की विजयाची भाषा बोलू लागतात. वीस वर्षे पिणारा एका रात्रीत सुटला, अशा साक्षीनंतर खाली बसलेल्या, आठवड्यापूर्वीच घसरलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला आहे. पुन्हा पडून परत आलेल्याची साक्ष मुद्दाम ठेवावी, ही सूचना मी लेखी दिली. अधूनमधून तसे होते, नेमाने होत नाही. दुसरी तक्रार औषधांची. ‘येशू असताना गोळी कशाला’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी दारूची ओढ कमी करणारे नॅल्ट्रेक्सोन हे औषध घेणाऱ्या तरुणाला ऐकवले. सिस्टरांनी त्यांना लूक स्वतः वैद्य होता याची आठवण बाजूला घेऊन करून दिली. बोलणे चारचौघांत झाले होते, तेव्हा खुलासाही चारचौघांतच व्हायला हवा होता. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले होते. जेथे मुळात इतके थोडे लोक उपचारांपर्यंत पोहोचतात, तेथे पोहोचलेल्याला एका वाक्याने माघारी वळवणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

नवरात्रात गट बंद असतो, कारण संध्याकाळी रस्ते गरब्याच्या गर्दीने भरतात आणि सभासद पोहोचू शकत नाहीत. कारण पटण्यासारखे आहे. पण जागरणे, मित्रांचे टोळके आणि खिशातले बोनसचे पैसे ज्या दिवसांत एकत्र येतात त्याच दिवसांत पर्यायी व्यवस्था नसावी, हे खटकते. निदान दुपारची एखादी बैठक सहज ठेवता येईल. याउलट ३१ डिसेंबरची व्यवस्था उत्तम आहे. मध्यरात्रीच्या वॉच नाइट उपासनेआधी संध्याकाळपासूनच सभागृह उघडे असते, पावभाजी होते, कॅरम असतो आणि ज्याला घरी एकटे बसवत नाही तो येऊन बसतो.

दांडिया बाजारातल्या माझ्या हिंदू मैत्रिणी एक प्रश्न हळूच विचारतात, त्याचे उत्तर येथे उघड देते. सभेत प्रार्थना येशूच्या नावाने होते आणि ते पहिल्या दिवशीच सांगितले जाते. येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले बरेच आहेत. बाप्तिस्म्याविषयी त्यांना कोणी विचारत नाही, गीते म्हणण्याचाही आग्रह नसतो. एक काका प्रार्थनेच्या वेळी मनात रामरक्षा म्हणतात आणि ते सर्वांना माहीत आहे. ज्यांना तेवढेही नको वाटेल त्यांनी ‘ए. ए.’च्या सभांना जावे. तेथे देव ज्याला जसा कळला तसा, एवढीच अपेक्षा असते. शुल्क काही नाही. चहाच्या टेबलावर एक डबा असतो, त्यात ज्याला वाटेल तो टाकतो, आणि त्याचा हिशेब फळ्यावर लिहिलेला असतो.

स्वतः व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी मात्र हा गट आज अपुरा आहे. पुरुषांचे लहान गट तीन भरतात. स्त्री एखादीच येते आणि तिला आम्हा कुटुंबीयांच्या खोलीत बसावे लागते, जेथे इतर सगळ्या जणी कोणाच्या ना कोणाच्या पिण्याने पोळलेल्या असतात. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेली एक शिक्षिका दोनदा येऊन गेली आणि मग आली नाही. सिस्टरांना हे ठाऊक आहे. त्या अशा स्त्रियांना शनिवारी सकाळी स्वतःच्या घरी भेटतात, पण एका निवृत्त बाईच्या घरावर चालणारी सोय किती जणींना पुरणार?

सभा साडेसातला सुरू होते, पण पहिल्यांदा येणाऱ्याने सातलाच यावे, म्हणजे सिस्टरांशी निवांत बोलता येते. सध्या चालू असलेल्या औषधांची यादी आणि आधीच्या उपचारांचे कागद बरोबर आणावेत. घसरलेला माणूस यायला तयार नसेल तर घरच्यांनी एकटे आले तरी चालते. माझ्याबरोबर बसणाऱ्या दोघी जणी अशाच येतात, आणि त्यांच्यापैकी एकीचा मुलगा आता सभागृहाच्या फाटकापर्यंत स्कूटरवर सोडायला येऊ लागला आहे. गुरुवारची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, हातपाय थरथरत असतील, भ्रम होत असेल किंवा फिट आली असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. नुसते कोणाशी तरी बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ वर आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ वर.